काचेवरचं कुंकू

१

तुंगार्लीच्या हौशीराम आबांचा निरोप आला तेव्हा सोपान दुकानात एकटाच होता, तरी मोठ्यानं हसला. निरोपच तसला. म्हणे, टीव्हीचे रंग बिघडलेत, येऊन बघून जा.

आता यात हसण्यासारखं काय, ते आजच्या पोरांना नाही कळायचं. तेव्हाचा टीव्ही मुळात काळा-पांढरा. मुंबईचं चित्र घाट चढून वर यायला लागलं त्याला फार दिवस झाले नव्हते. अख्ख्या लोणावळ्यात सेट मोजकेच, तेही बंगलेवाल्यांकडे. पण माणूस मोठा हौशी प्राणी. रंग नाहीत ना, मग आपणच घालू! बाजारात एक प्लॅस्टिकचा कागद मिळायचा. वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. तो काचेवर चिकटवायचा, की झाला टीव्ही रंगीत. आभाळ निळं, माणसं नारिंगी, गवत हिरवं, असा सगळा हिशेब. बातम्या सांगणारी बाई जवळ आली की तिचं कपाळ निळं अन् हनुवटी हिरवी व्हायची, तरी लोक खूश. नसण्यापेक्षा असलेलं बरं.

सोपान मूळचा उर्शाचा. वडिलांची भातशेती भावांकडं सोपवून तो रेडिओचं, मागाहून टीव्हीचंही काम शिकला, आणि लोणावळ्याच्या बाजारात त्यानं एवढंसं दुकान टाकलं. हाताला गुण होता, जिभेला धार होती. भांगरवाडीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड, घरात बायको अंबू. तिला सातवा महिना. दिवाळी झाली की बाळंतपणाला ती माहेरी, तिकोणा पेठेला जायची होती. हातभर नवा हिरवा चुडा भरलेला, त्यामुळं ती घरात कुठं आहे ते सोपानला न बघता कळायचं.

"कागदाचे रंग बिघडलेत म्हणं," त्यानं घरी गेल्यावर तिला सांगितलं. "उद्या म्हणतील, आरसा खोटं बोलतोय, दुरुस्त करून दे."

अंबू हसली, पण लगेच म्हणाली, "म्हाताऱ्या मानसाला हसू न्हाई."

२

हौशीराम आबा एका मुंबईकर शेटच्या बंगल्याचे रखवालदार. शेटनं नवा सेट घेतला आणि जुना आबांना देऊन टाकला. बंगल्यामागच्या खोलीत आबा आणि त्यांची बायको लीलाबाई, दोघंच राहायची. सोपान दिवेलागणीला पोचला तेव्हा आबा बंद टीव्हीसमोर बसले होते. मांडीवर हात, नजर काचेवर.

"कुटला रंग गेलाय, आबा?"

"गेला न्हाई. आलाय. तांबडा."

"तांबडा? अवं, कागदात तांबडा हायच कुटं?"

"त्येच तर म्हनतोय मी."

सोपाननं बटण फिरवलं. सेटच्या आतले काचेचे दिवे तापायला वेळ लागला, मग चित्र उमटलं. एक बाई बातम्या सांगत होती. आबांनी लांबूनच बोट केलं. "हितं. कपाळावर. दिसतंय का?"

सोपाननं वाकून बघितलं. बाईचं कपाळ निळं होतं, जसं असायचं तसं. कागदाचा कोपरा धरून त्यानं तो सोलून काढला. खाली साधं करडं चित्र. त्यात बाईचं कुंकू काळपट ठिपक्यासारखं दिसत होतं. तांबड्याचं नाव नाही.

कागदाखाली काचेवर मधोमध बोटाचा एक ठसा होता. कुणीतरी नीट टेकवून उमटवल्यासारखा. कागद काढूनच कुणीतरी तो उमटवला असणार. सोपानला कामात एक घाणेरडी खोड होती. फडकं खिशात असलं तरी थुंकीनं अंगठा ओला करायचा आणि काच चोळायची. तसंच केलं. ठसा पुसला गेला.

लीलाबाईंनी चहा आणला. त्या कपबशी ठेवायला वाकल्या तसे आबा एकदम चिडले. "कुंकू लाव की नीट. सनासुदीचं काय राख फासून फिरतीस?"

"लावलंय की वं," लीलाबाई कळवळून म्हणाल्या आणि सोपानकडं वळल्या. "तू सांग बाबा. दिसतंय का न्हाई? रोज ह्येच चाललंय."

त्यांच्या कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू होतं. मेणावर दाबून बसवलेलं, ठसठशीत.

"लालभडक हाय, मावशी," सोपान म्हणाला. "आबा, टीव्ही कशाला दाखवताय, डोळं दाखवा. मोतीबिंदू आसंल."

आबा हसले नाहीत. "ह्यो सेट घेऊन जा सोपाना. दिवाळी झाल्यावर बगू काय ते."

सोपानच्या मनात लाडू फुटले. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या घरी सणाला कुणाचा तरी सेट 'टेस्टिंगला' असायचाच. गिऱ्हाईक विचारायला आलं की म्हणायचं, अजून पार्ट यायचाय मुंबईहून. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाचं काय जातं? अंबूला दिवाळीत टीव्ही बघायची फार हौस होती.

त्यानं सेट बंद केला. तसल्या सेटचं एक असायचं. बंद केला की चित्र आक्रसत जाई आणि काचेच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरे. तो हळूहळू मावळे. सोपान वायर गुंडाळत होता, त्यामुळं त्याचं लक्ष गेलं नाही. आबांनी मात्र तोंड भिंतीकडं फिरवलं होतं, ते त्याला दिसलं.

३

भांगरवाडीत सेट आला म्हटल्यावर आळी लोटली. सोपाननं बांबूला अँटेना बांधला. पोरं पुढं, बायका मागं, बापे दारात. चित्र थोडं हलायचं, पण फुकटच्या टीव्हीला नावं कोण ठेवतो? अंबू सगळ्यांना चहा करून दमली आणि तरी फुलून आली होती. खाली वाकायचं म्हणजे तिला भिंतीचा आधार लागायचा, पण बसायला उसंत नव्हती.

माणसं पांगली. सोपाननं बटण फिरवलं. चित्र आक्रसलं, ठिपका उरला. तो जेवायला उठणार तेवढ्यात थबकला.

ठिपका मावळत नव्हता. आधी पांढरा होता, मग पिवळट झाला आणि मग सावकाश लाल झाला. लाल म्हणजे लालच. बोटाच्या पेराएवढा.

सोपान खाली बसला. त्याला आधी गंमत वाटली, मग राग आला. चित्र दाखवणाऱ्या ट्यूबच्या आतल्या बाजूला पांढरा उजेड देणाऱ्या भुकटीचा लेप असतो. तिच्यातून पांढरा उजेड निघतो, जास्तीत जास्त निळसर. लाल निघायचाच नाही. चुलीवर दूध ठेवलं तर त्याचा चहा होईल का? काहीतरी डोळ्याचा खेळ असणार. मघापासून उजेडाकडं बघतोय आपण.

"अंबे, ह्यो ठिपका कसला दिसतो गं तुला?"

ती पदराला हात पुसत आली. "कुटला ठिपका? काळी काच हाय नुसती."

त्यानं पुन्हा बघितलं. ठिपका होता. मग एकदम नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मागचं फळकूट काढून सगळं तपासलं. कुठं काही नाही. यंत्र खोटं बोलत नाही, ही त्याची श्रद्धा. आणि माणूस बोलतो, हाही अनुभव. पण इथं बघणारा माणूस तो स्वतःच होता, म्हणून मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

४

दूध घालणारा बजरंग वसुबारसेच्या सकाळी सांगत आला, तुंगार्लीचं हौशीराम आबा काल गेलं.

सोपान तसाच निघाला. लीलाबाई भिंतीशी बसल्या होत्या. कपाळ मोकळं. बायका आत चुलीपाशी कुजबुजत होत्या. सोपान त्यांच्याजवळ टेकला आणि म्हणाला, "मावशी, सेट आणून देऊ का?"

त्या दचकल्या. "नगं. हितं नगं आनू त्यो."

मग त्या खालच्या आवाजात, त्याच्याकडं न बघता बोलायला लागल्या. "मी कुनाला बोलले न्हाई. खुळ्यात काढत्याल त्यास्नी. म्हनायचं, पेटी बंद केली की आत बाई दिसती. कपाळ म्होरं करती आन् लाव म्हनती. एक दिस त्यांनी कागूद काडून लावलं बोट, काचंला. तवाधरनं माजं कुंकू त्यास्नी राखंवानी दिसाय लागलं."

"आणि काल?"

"काल मी परड्यात व्हते, भांडी घाशीत. आतनं बोलन्याचा आवाज आला. म्हनलं कोन पावनं आलंय, ह्ये एवडं हसून कुनासंगं बोलत्यात? कित्येक दिसांनी हसलं व्हतं. हात धुवून आत आले तर भिंतीला टेकून बसलेलं. गेलेलं." लीलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "कपाळाला कुंकवाचं बोट व्हतं, सोपाना. वलं व्हतं."

"त्यांनी सोताच लावलं आसंल, मावशी."

"आसंल," त्या म्हणाल्या.

परतताना सोपान काच चोळलेला उजवा अंगठा सारखा लेंग्याला पुसत होता. बऱ्याच वेळानं ते त्याच्या ध्यानात आलं. तेव्हा तो भर रस्त्यात उभा राहिला.

५

म्हातारा माणूस. काळीज दुबळं असेल. मरणाच्या दारात माणसाला काय काय दिसतं. सोपाननं स्वतःला हे इतक्या वेळा समजावलं, की घरी पोचेपर्यंत त्याला ते पटलंसुद्धा होतं. अंबू चकल्या तळत होती. आंघोळ करून आल्यावर तो चुलीपाशी टेकला. ती त्याच्याकडं वळली.

तिच्या कपाळावर राख होती.

"अंबे, कपाळाला काय लागलंय?"

"काय?" तिनं मनगटानं कपाळ चाचपलं. "काय न्हाई."

"कुंकू लावलं न्हाईस?"

"सकाळीच लावलं की. आवं, असं काय बगताय?"

त्यानं फळीवरचा करंडा काढून उघडला. आत कुंकू लाल. त्यानं तिला आरशापुढं उभं केलं. आरशातही करडंच. ती मात्र आरशात बघून म्हणाली, "लाल तर हाय. कालच्याच पुडीतलं."

सोपान तडक दुकानात गेला. रेडिओत जे बारके रेझिस्टन्स असतात, त्यांच्यावर रंगाचे पट्टे असतात. तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा. पट्ट्यांवरून त्यांचा आकडा ओळखायचा, हीच त्या धंद्याची बाराखडी. त्यानं डबा टेबलावर उपडा केला आणि एकेक उचलून ओळखत गेला. मग मीटर लावून पडताळलं. एकही चुकला नाही. तांबडा पट्टा तर त्याला हातभर लांबून ओळखू येत होता.

म्हणजे डोळे शाबूत होते. जगातला सगळा तांबडा जागच्या जागी होता. फक्त त्याच्या बायकोच्या कपाळावरचा नव्हता.

त्याला हौशीराम आबांची आठवण झाली. 'मोतीबिंदू आसंल.' किती सहज बोलून गेलो आपण. त्याला मरणाची भीती वाटली, खरीखुरी. आणि त्याहून जास्त वाटली ती ही, की अजून जन्मायचं असलेलं लेकरू आपल्याला ओळखणारसुद्धा नाही.

६

त्यानं अंबूला सांगून ठेवलं होतं, सेट लावू नको. पण का ते सांगितलं नव्हतं. पोटुशी बाईला काय सांगणार? त्यामुळं नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा टीव्ही चालू होता. शेजारची सीताबाई आणि अंबू, दोघी पाय पसरून गाणी ऐकत होत्या.

"बंद कर त्यो." त्याचा आवाज इतका चढला की सीताबाई निमूट उठून गेली.

अंबूनं बटण फिरवलं. "सनाच्या दिसाला वराडताय," ती म्हणाली. आवाजात रडू होतं. चुडा वाजवत ती स्वयंपाकघरात गेली.

सोपान एकटा उरला. चित्र आक्रसलं, ठिपका उरला, लाल झाला. त्यानं पुढं होऊन भिंतीतली पिन उपटून काढली. ठिपका तसाच.

मग त्याला कळलं, की काच पूर्ण काळी नाही. ठिपक्याभोवती काळोख थोडा जास्त दाट होता आणि त्याला कडा होत्या. डोक्यावरून घेतलेला पदर, खांदे, खाली गेलेली हनुवटी. आपल्यामागं अंबू उभी असेल, तिचीच छाया पडली असेल, असं त्याला वाटलं. त्याला तसं वाटायला हवं होतं. पण आत चकलीचा डबा उघडल्याचा आवाज आला आणि बांगड्या वाजल्या. काचेतली आकृती हलली नाही.

मग ती हलली. हळूच वाकली, नमस्काराला वाकतात तशी. ठिपका काचेच्या जवळ आला, मोठा झाला. सोपानचा उजवा हात आपोआप वर उचलला गेला होता. त्यानं तो डाव्या हातानं खाली ओढला, खुंटीवरची घोंगडी घेतली आणि टीव्हीवर टाकली.

त्याच संध्याकाळी बजरंगची हातगाडी आणून त्यानं सेट दुकानात नेला. सगळ्यात मागच्या खणात ढकलला, तोंड भिंतीकडं केलं. दाराला कुलूप घालून दोनदा ओढून बघितलं.

"पार्ट आला का?" बजरंगनं विचारलं.

"व्हय," सोपान म्हणाला.

घरी त्यानं अंबूची समजूत घातली, तिच्या हातची चकली खाल्ली. तिच्या कपाळाकडं मात्र बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला, नजर गेलीच. राखच होती. पण थोडी उजळ वाटली. की आपल्याला वाटायला हवी, म्हणून वाटली?

७

पाडव्याला बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं. तिन्हीसांजेला अंबूनं बाहेरच्या खोलीत पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. ती काढताना तिला दोनदा भिंत धरून उठावं लागलं. "नवा सदरा घालून बसा तुमी," असं सांगून ती तबक आणायला आत गेली.

सोपान पाटावर बसला. दिवसभर मन हलकं होतं. दुकानाच्या कुलपाकडं तो दोनदा चक्कर टाकून आला होता. सेट गेला, आता उतरेल हे सगळं. ताप उतरायलासुद्धा चार दिवस लागतात. उद्या हिला तिकोणा पेठेला पोचवू, मग तो सेट कुठंतरी खोल पाण्यात नेऊन टाकू. लीलाबाई काही विचारायच्या नाहीत. बाहेर पोरं फटाके उडवत होती. पणतीचा उजेड भिंतीवर हलत होता.

तेवढ्यात त्याच्यापुढं लुगड्याचा काठ दिसला. तो मान खाली घालून हसला. आली एकदाची. ती सहज खाली वाकली, त्याच्या तोंडासमोर. डोक्यावरून पदर होता, आणि पदराखाली कपाळावर कुंकू होतं.

लाल. लालभडक. मेणावर दाबून बसवल्यासारखं, ओलं, ठसठशीत.

इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अंबे," तो हसत, रडत म्हणाला, "तुझं कुंकू दिसाय लागलं गं मला. लाल दिसतंय. मी किती भ्यालो व्हतो, तुला काय सांगू." डोळ्यांतल्या पाण्यामुळं त्याला तिचं तोंड नीट दिसत नव्हतं. तिनं हात पुढं केला आणि त्याच्या कपाळाला बोट टेकवलं.

बोट काचेसारखं गार होतं.

स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या.

"आवं, कुनासंगं बोलताय?" आतून अंबूनं विचारलं. "बसून ऱ्हावा जरा. निरांजनात तूप घालते आन् आलेच."

सोपाननं वर बघितलं नाही. कपाळावरचं बोट अजून उचललेलं नव्हतं.